विंडोजमधलाच डिफेंडर: आमच्या ऑनलाइन सेंटरवर साडेतीन वर्षं वापरून सांगते

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. गावात माझं ऑनलाइनचं सेंटर आहे, म्हणजे सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, स्कॉलरशिप, फार्मर आयडी, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, जे म्हणाल ते. दोन पीसी अन् एक लॅपटॉप. या तिन्हीवर मी जुलै २०२२ पासून विंडोजसोबत येतो तोच मायक्रोसॉफ्ट डिफेंडर वापरते, दुसरं कोणतंही अँटिव्हायरस टाकलेलं नाही. आजूबाजूच्या गावचे सेंटरवाले सारखे विचारतात की ताई तुम्ही कोणतं टाकलं, वर्षाचे किती भरता, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पाचपैकी चार देते मी त्याला. फुकट आहे म्हणून गोड म्हणून राहिले असं समजू नका, कुठं कमी पडतो तेही लिहिते, अन् ते जास्त महत्त्वाचं आहे.

आधी हे सांगायला पाहिजे की मी डिफेंडरकडं आले कशी. २०२२ चा जुलै, विम्याची मुदत संपत आलेली, दुकानासमोर चपलांचा ढीग, लाइट येऊन-जाऊन. सकाळी पीसी चालू केला तर डेस्कटॉपवरच्या सगळ्या फायली पांढऱ्या. प्रत्येक फायलीच्या नावामागं चार अक्षरं जास्तीची चिकटलेली. पीडीएफ उघडेना, फोटो उघडेना, एक्सेल उघडेना. अन् ज्या फोल्डरात जावं तिथं रीडमी नावाची एक टेक्स्ट फाइल, त्यात इंग्रजीत लिहिलेलं की तुमच्या फायली आम्ही लॉक केल्या आहेत, ९८० डॉलर द्या, ७२ तासांच्या आत आमच्याशी बोललात तर निम्म्यात म्हणजे ४९० डॉलरमध्ये सोडू. मी दोनदा वाचलं तरी डोक्यात शिरेना की हे आपल्याच दुकानात होऊन राहिलं. समोर स्टुलावर बसलेले काकाजी म्हणे, "ताई, काहून थांबल्या? माहा फॉर्म गेला का नाई?" मी त्यांना काय सांगणार.

नंतर समजलं की हे स्टॉप डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस. मोठ्या कंपन्या सोडून आपल्यासारख्या घरगुती अन् छोट्या दुकानांच्या पीसीवरच ते जास्त येतं, अन् येतं कुठून तर क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून. माझ्याकडं कसं आलं तेही सांगते. पंधरा दिवस आधी एका रिपेअरवाल्याकडून पीसी फॉरमॅट करून आणला होता, नाव घेत नाही. त्यानं चोरीचं विंडोज टाकलं, त्यावर ॲक्टिव्हेटर, म्हणजे चोरीचं विंडोज ओरिजिनल भासवणारा प्रोग्रॅम, चालवलं, अन् ते ॲक्टिव्हेटर डिफेंडर चालू असताना चालतच नाही, तो लगेच पकडतो, म्हणून त्यानं डिफेंडर बंद केला अन् अख्खा सी ड्राइव्ह एक्सक्लुजनमध्ये टाकून दिला. एक्सक्लुजन म्हणजे इथं बघायचंच नाही असं डिफेंडरला सांगून ठेवणं. मला यातलं काहीच सांगितलं नाही, मला वाटलं पीसी नवाकोरा झाला. त्यानंतर मी पासपोर्ट फोटोचं एक सॉफ्टवेअर कोण्या वेबसाइटवरून क्रॅकसकट उतरवलं, ती चूक माझी. त्या दिवशी घरात राखणदार होता, पण त्याचे हातपाय आधीच बांधून ठेवलेले होते.

फायली परत आल्या नाहीत. एम्सिसॉफ्ट कंपनीनं २०१९ मध्ये या व्हायरससाठी फुकटचं डिक्रिप्टर, म्हणजे लॉक झालेल्या फायली उघडणारं सॉफ्टवेअर, काढलेलं आहे, ते मी चालवून पाहिलं, पण ते तेव्हाच कामी येतं जेव्हा व्हायरसनं ऑफलाइन की, म्हणजे बऱ्याच जणांना एकच असलेली चावी, वापरलेली असते, माझी निघाली ऑनलाइन, म्हणजे फक्त माझ्या पीसीसाठी बनवलेली. दोन वर्षांचे स्कॅन गेले, हिशोबाचं एक्सेल गेलं, अन् सासऱ्यांचा एक फोटो गेला जो मी दाखल्यासाठी स्कॅन करून नीट साफ केला होता, मूळ फोटो पाण्यानं खराब झालेला. पैसे भरले नाहीत, भरले असते तरी फायली मिळतीलच याचा काय भरोसा. वरून हा व्हायरस बऱ्याच वेळा सोबत पासवर्ड चोरणाराही घेऊन येतो, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड गेलेच असं धरून चालायचं, म्हणून रात्री बसून फोनवरून एकेक पासवर्ड बदलला. अन् लोकांचे आधार कार्ड, पासबुकचे स्कॅन मी वर्षानुवर्षं डेस्कटॉपवर ठेवत होते, ते तेव्हापासून बंद. काम झालं, पावती दिली, की संध्याकाळी डिलीट, रिसायकल बिन पण रिकामी. लोकांनी भरोशानं दिलेली कागदं असतात ती.

माझा भाऊ नागपूरला असतो, कॉम्प्युटरचंच काम करतो. तो फोनवर म्हणे, "ताई, नवीन अँटिव्हायरस घ्याची घाई नको करू, जो घरात हाय त्याले आधी जागा कर." त्यानंच सांगितलं की लॅपटॉपवर, ब्रँडेड पीसीवर ओरिजिनल विंडोजची की बहुतेक करून मदरबोर्डमध्येच असते, विंडोज ८ किंवा त्यानंतरचं विंडोज घेऊनच आलेल्या मशीनला तर असतेच, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज उतरवून टाकलं तर ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. आमचा लॅपटॉप अन् एक पीसी तसाच झाला, एक रुपया लागला नाही. म्हणजे त्या रिपेअरवाल्यानं ओरिजिनल असलेलं काढून चोरीचं टाकलं होतं, यावर अजूनही माझा जीव जळतो. दुसरा पीसी असेंबल केलेला, त्याला लायसन घेतलं.

आता मुद्द्याचं. डिफेंडर करतो काय, तर मागं शांत बसतो अन् जी फाइल उघडते, उतरते, चालते ती बघतो. रोज दिसणारं काम म्हणजे पेनड्राइव्ह. आमच्याकडं प्रिंट काढायला दिवसाला दहा-पंधरा पेनड्राइव्ह येतात अन् त्यातल्या दोघा-तिघांत शॉर्टकट व्हायरस असतोच. मागच्या महिन्यातलीच गोष्ट, झेडपी शाळेचे गुरुजी आले, पेनड्राइव्ह लावला, उघडला तर आत एकच शॉर्टकट, त्यावर पेनड्राइव्हचंच नाव. मी त्यावर क्लिक करायच्या आधीच उजव्या कोपऱ्यात खाली डिफेंडरचा मेसेज आला की थ्रेट सापडला, काढून राहिलो. दोन सेकंदांत शॉर्टकट गायब, पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा दिसायला लागला. गुरुजींचा चेहराच उतरला. "ताई, पोट्ट्यांचे सगळे निकाल त्याच्यातच हायत वो, गेले का?" गेले नव्हते. हा व्हायरस खऱ्या फायली लपवून ठेवतो अन् वर खोटा शॉर्टकट लावतो, आपण त्यावर क्लिक केलं की फाइलही उघडते अन् व्हायरसही चालतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. डिफेंडर व्हायरस काढतो पण लपवलेल्या फायली वर आणून देत नाही, ते आपल्याला करावं लागतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून ॲट्रिब, मग मायनस एच, मायनस आर, मायनस एस, मग स्लॅश एस, स्लॅश डी, अन् शेवटी पेनड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटा स्लॅश, स्टार डॉट स्टार, मधे मधे एकेक स्पेस. एंटर मारला की सगळं परत. गुरुजींच्या निकालाच्या तेरा फायली एकेक करून वर आल्या तेव्हा त्यांनी खुर्चीत पाठ टेकवली.

इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. डिफेंडरचं फुल स्कॅन मारलं तरी ते पेनड्राइव्ह आपोआप तपासत नाही, फाइल हाताळली जाते तेव्हा तपासतो. म्हणून मी पेनड्राइव्ह लावला की आधी त्यावर राइट क्लिक करून स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर करते, विंडोज ११ मध्ये ते कधी कधी शो मोअर ऑप्शन्सच्या आत जाऊन बसतं. अर्धा मिनिट लागतो. लोक म्हणतात ताई लवकर करा, एसटी पकडाची हाय, तरी मी करतेच. अन् फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करून ठेवा. नाहीतर बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई असं नाव असलेली फाइल तुम्हाला नुसती बिल डॉट पीडीएफ दिसते, चिन्हही पीडीएफचंच लावलेलं असतं.

सगळ्यात कामाची पण आधीपासून बंद असलेली गोष्ट म्हणजे कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस. विंडोज सिक्युरिटी उघडायचं, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, खाली मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन, तिथं ते बटण आहे. हे चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज अशा फोल्डरांतल्या फायलींना अनोळखी प्रोग्रॅम हात लावू शकत नाही, बदलायला गेला की तिथंच अडतो. विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटी आलेली सोय आहे ही. म्हणजे माझ्यावर वेळ आली तेव्हा ती पीसीत पडून होती, मला कोणी सांगितलं नव्हतं. याचा त्रासही आहे, पहिल्या आठवड्यात माझ्या स्कॅनरचं सॉफ्टवेअरच अडकलं, स्कॅन केलं की सेव्ह होईना अन् मेसेज यायचा की बदल अडवला. गर्दीच्या टायमाला डोक्याला ताप होतो. मग तिथंच अलाउ ॲन ॲपमध्ये जाऊन स्कॅनरवालं अन् फोटोवालं सॉफ्टवेअर टाकलं, एकदा टाकलं की झालं. मायक्रोसॉफ्टनं हे बंद का ठेवलं असेल ते या त्रासावरून समजतं, पण मी एक मार्क याच्यासाठीच कापला, कारण गावातला माणूस सेटिंगच्या इतक्या आत स्वतःहून कधीच जात नाही.

टॅम्पर प्रोटेक्शन नावाचंही एक बटण आहे, ते आधीपासून चालूच असतं, चालूच राहू द्या. त्यामुळं एखादा व्हायरस गुपचूप डिफेंडर बंद करू शकत नाही. आपण स्वतः बंद करू शकतो, अन् रिपेअरवाले पहिले तेच करतात.

स्पीडबद्दल खरं सांगायचं तर जुन्या मशीनवर डिफेंडर जड जातो. आमचा असेंबल पीसी आय थ्रीवाला, चार जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. स्कॅन सुरू झालं की टास्क मॅनेजरमध्ये अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल वर येऊन बसायचं, डिस्क शंभर टक्के, अन् एक सातबारा उघडायला चहा पिऊन व्हायचा. हेच कारण सांगून लोक डिफेंडर बंद करतात. मी त्यात २४० जीबीची एसएसडी टाकली, दीड हजाराच्या आसपास लागले, अन् तो प्रश्नच मिटला. त्याच पैशात एक वर्षाचं अँटिव्हायरस आलं असतं पण पीसी तेवढाच हळू राहिला असता.

नेटचा मुद्दा आमच्याकडं मोठा आहे. पावसाळ्यात वीज पडली की टॉवर जातो, फायबर तुटलं तर दोन-दोन दिवस कोणी येत नाही. डिफेंडर नवीन व्हायरस ओळखायला क्लाउडला विचारतो, त्यामुळं नेट नसताना त्याची नजर कमजोर होते. अशा दिवशी मी बाहेरचा पेनड्राइव्ह थंब मशीनवाल्या पीसीला लावतच नाही, तो पीसी बँकेच्या अन् आधारच्या कामालाच ठेवला आहे, त्यावर लोकांचं काहीच उघडत नाही. अन् बरेच जण हॉटस्पॉटचा डेटा वाचवायला विंडोज अपडेट पॉज करून महिनोन्महिने विसरतात, मग नुसता डिफेंडर चालू असून काय फायदा.

अपडेटवरून वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरचं सांगते, कारण आमच्या एका सेंटरवाल्या भाऊंना वाटते की अपडेट म्हणजे नेट खाणं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय पसरलं, दीडशेच्या वर देशांत दोन लाखांवर मशीन गेल्या, इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांची कामं थांबली, ऑपरेशनं पुढं ढकलावी लागली. अन् ज्या खिडकीतून ते आत शिरलं ती खिडकी बंद करणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ लाच दिलं होतं. दोन महिने आधी! ज्यांनी टाकलं ते वाचले. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा तसाच दुसरा व्हायरस आला तेव्हा आपल्या न्हावाशेवा बंदरातलं एक टर्मिनल बंद पडलं होतं. अन् हे लांबचं वाटत असेल तर जुलै २०२४ चं आठवा, बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला अन् देशभरातल्या तीनशेच्या आसपास छोट्या बँकांचं, सहकारी अन् ग्रामीण बँकांचं, यूपीआय अन् एटीएमचं काम काही काळ अडकलं. गावातल्या माणसाचं खातं अशाच बँकेत असतं.

आता डिफेंडर जिथं काहीच करू शकत नाही ते.

एक म्हणजे त्याच्याच नावानं होणारी फसवणूक. एखादी वेबसाइट उघडता उघडता अचानक पूर्ण स्क्रीन निळा होतो, मोठ्यानं आवाज सुरू होतो, अन् लिहिलेलं असतं की विंडोज डिफेंडरनं तुमचा कॉम्प्युटर लॉक केला आहे, या नंबरवर फोन करा. ती निव्वळ एक वेबसाइट असते. खरा डिफेंडर कधीच फोन नंबर देत नाही, कधीच असा मोठ्यानं बोंबलत नाही. एस्केप दाबून धरा, नाहीतर कंट्रोल शिफ्ट एस्केप करून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, बस. फोन केला तर समोरचा एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतो अन् तुमचा माऊस त्याच्या हातात जातो. ॲप खराब नाही, माझा भाऊ त्यानंच नागपूरहून माझा पीसी दुरुस्त करतो, पण अनोळखी माणसाला त्या ॲपवर दिसणारा नंबर दिला की घराची चावी दिली. रिझर्व्ह बँकेनं बँकांना याबद्दल २०१९ मध्येच सावध केलं होतं.

दुसरी गोष्ट नवी आहे अन् मला तिचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते. दिवाळीनंतर शेजारचा एक पोरगा भरतीचे जुने पेपर शोधायला लॅपटॉपवर बसला होता. मी झेरॉक्स काढून राहिले होते, सहज नजर गेली तर त्याच्या स्क्रीनवर 'मी रोबोट नाही' वाला चौकोन, त्यावर टिक केली तर खाली तीन ओळी आल्या, विंडोज की अन् आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. त्यानं पहिल्या दोन केल्यासुद्धा होत्या, रनचा छोटा डबा उघडलेला अन् त्यात लांबच लांब काहीतरी पेस्ट झालेलं, पॉवरशेल म्हणून सुरू होणारं, पॉवरशेल म्हणजे विंडोजला कमांड द्यायचा प्रोग्रॅम. बोट एंटरवर. मी तिथूनच ओरडले, "थांब!" तो म्हणे, "काकू, रोबोट नाई हे सांगा लागते ना, तेवढंच करून राहिलो." त्याची काही चूक नाही, तो चौकोन रोजचाच आहे. पण खऱ्या कॅप्चाला, म्हणजे त्या रोबोटवाल्या चौकोनाला, कीबोर्डवरून विंडोज आर कधीच लागत नाही. त्या वेबसाइटनं टिक करताच आपल्या क्लिपबोर्डवर कमांड टाकून ठेवलेली असते, अन् एंटर मारलं की आपण स्वतःच्या हातानं पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम आत घेतो. याला क्लिकफिक्स म्हणतात. लुमा नावाचा असाच एक चोर होता, मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अन् पोलिसांनी मिळून त्याचं जाळं तोडलं तेव्हा दोनच महिन्यांत ३,९४,००० विंडोज मशीनला तो लागलेला आढळला. डिफेंडर असल्या कमांड पकडतो बऱ्याच वेळा, पण मालकानंच दार उघडून दिलं तर राखणदाराला कधी कधी उशीर होतो. तेव्हापासून लोकांना बसायला मी वेगळं युजर अकाउंट केलं आहे, स्टँडर्ड, ॲडमिन नाही, अन् त्या ब्राउझरमध्ये माझा एकही पासवर्ड सेव्ह नाही.

तिसरं फोनचं. पीएम किसानच्या नावानं, लग्नपत्रिकेच्या नावानं, आरटीओच्या चलनाच्या नावानं व्हॉट्सॲपवर जी फाइल येते, जिच्या शेवटी डॉट एपीके असतं, तिचा पीसीवरल्या डिफेंडरशी काही संबंध नाही. ते ॲप टाकलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं अन् ओटीपी परस्पर पुढं जातो. आमच्या गावातल्या एक मावशी फोन घेऊन आल्या, "बाई, त्यायनं हप्ता येते म्हणून सांगतलं, तं म्या दाबलं." आधी फोन फ्लाइट मोडवर टाकला, दुसऱ्या फोनवरून बँकेला अन् १९३० ला कॉल केला, मग ॲप काढलं. खातं वाचलं कारण त्या लगेच आल्या होत्या, लाजून घरी बसल्या असत्या तर पैसे गेले असते.

पैसे देऊन घ्यायचं का, हे विचारतात सगळे. माझ्या ओळखीचे एक दुकानदार आपल्या पुण्याचा क्विक हील वापरतात अन् खुश आहेत, पेनड्राइव्हवर पूर्ण बंदी घालता येते, अडलं तर फोनवर बोलायला माणूस मिळतो. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या मराठी माणसानं उभी केलेली कंपनी आहे ती, मला त्याचा अभिमानच आहे. तुमच्याकडं चार-पाच पीसी असतील अन् सेटिंग बघायला कोणी नसेल तर घ्या, ओरिजिनल घ्या अन् मुदत संपायच्या आत भरा. पण दोन अँटिव्हायरस एका मशीनवर चालू ठेवू नका, अन् मुदत संपलेलं तसंच पडू देऊ नका, त्यापेक्षा ते काढून डिफेंडर चालू केलेला केव्हाही बरा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही फुकटची साधनं आहेत, यूएसबी प्रतिरोध नावाचं पेनड्राइव्हसाठीचं एक तिथंच मिळतं.

बॅकअप मात्र कोणतंही अँटिव्हायरस तुमच्यासाठी करत नाही. मी एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घेतली, दर शनिवारी दुकान बंद करायच्या आधी लावते, कॉपी करते, अन् काढून कपाटात ठेवते. काढून ठेवणं महत्त्वाचं, लावलेलीच राहिली तर रॅन्समवेअर तिलाही खातं.

विंडोज १० वाल्यांसाठी एक गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. डिफेंडरची व्हायरस ओळखायची यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं आहे, त्यामुळं हिरवी टिक दिसते अन् माणूस निवांत होतो, पण विंडोजला पडलेली भोकं बुजवणारं अपडेट वेगळं असतं अन् ते बंद झालं. घरगुती मशीनला सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावरून नाव नोंदवलं तर ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतं, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लावून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसेही लागत नाहीत. आमच्या असेंबल पीसीला टीपीएम २.० म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप नाही, त्यावर ११ बसत नाही, त्यामुळं त्याची तशी नोंदणी करून ठेवली आहे अन् या वर्षीच्या तुरीच्या पैशातून तो बदलायचा असं घरी ठरलं आहे.

मागच्या रविवारी शेजारच्या गावच्या सेंटरवाल्या भाऊंकडं गेले होते, त्यांचा पीसी फार हळू झाला म्हणे. मी आधी विंडोज सिक्युरिटी उघडलं, मॅनेज सेटिंग्जमध्ये खाली एक्सक्लुजन्स उघडलं. तिथं एकच ओळ होती, सी ड्राइव्ह. माझ्या अंगावर काटाच आला. ती ओळ काढली, रिअल टाइम प्रोटेक्शन चालू केलं, ऑफलाइन स्कॅन लावलं, पीसी रीस्टार्ट होऊन पंधरा मिनिटं लागली. मग प्रोटेक्शन हिस्टरीत तीन नावं आली, पहिलंच हॅकटूल ऑटोकेएमएस, म्हणजे तेच चोरीच्या विंडोजचं ॲक्टिव्हेटर, अन् बाकीचे दोन ट्रोजन, म्हणजे चांगला प्रोग्रॅम असल्याचं भासवून आत शिरणारे व्हायरस. भाऊ बघतच राहिले, म्हणे, "ताई, हा पीसी तं दोन वर्सापासून असाच हाय. बँकेचं बी याच्यावरच करतो." मी त्यांना खुर्चीवरून उठवलं, नेट बंद केलं, अन् म्हटलं तुमचा फोन काढा, बँकेपासून सुरू करू. संध्याकाळपर्यंत एकोणीस पासवर्ड बदलून झाले.